गाळ्याची अनामत देण्याआधी

कोल्हापूर

प्रिय सुहास,

हिंजवडीतली मेस बंद करून इथं राजारामपुरीत काढायची म्हणतोस. जरूर ये, पण गाळ्याची अनामत देण्याआधी एवढा हिशोब बघ.

आयटीतली पोरं गावाकडं येऊन काम करतात, पगार इथं खर्च होतो, हे खरंच आहे. पण माणसं मोजू नकोस, दिवस मोज. आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात यायचा नियम सुरू झाल्यापासून तुझ्याकडं मंगळवार ते गुरुवार रांग लागते आणि शुक्रवारी भात उरतो. इथं त्याच्या बरोबर उलटं. ती पोरं गावात शुक्रवार ते सोमवार. त्यातला शनिवार-रविवार घरच्या मटणाचा, नाहीतर बाहेरच्या तांबड्या-पांढऱ्याचा. उरले दोन दिवस. महिन्याचे २६ दिवस धरून चाळीस गिऱ्हाइकांचे १,०४० डबे होतात, पण हातात पडतील ३२० ते ३६०. भाडं आणि आचाऱ्याचा पगार मात्र अख्ख्या महिन्याचा.

बारा महिने घरूनच काम करणारे आहेत, पण त्यांना पूर्ण डबा नको असतो. आमटी-भाजी घरात होते. दिवसभर माणूस घरात म्हटल्यावर ताण पडतो तो चपाती-भाकरीचा. तीच नगावर वीक. किलो कणकेत मध्यम २५ ते २८ चपात्या निघतात, किलो ज्वारीच्या पिठात १० ते १२ भाकरी. गरम गरम पिशवीत भरलीस तर वाफेनं ओली होणार. आधी जाळीवर पाच मिनिटं ठेव, मग कापडात गुंडाळ.

रात्रीच्या डब्याची वेळ घड्याळावर नाही, अमेरिकेवर ठरते, कारण तिथलं ऑफिस उघडलं की ही पोरं त्यांच्याबरोबर कॉलवर बसतात. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात सहाच्या आत आणि थंडीत सातच्या आत डबा पोचायला हवा. आठ वाजता बेल वाजवलीस तर माणूस कॉलवर, दार उघडत नाही, चपात्या वातड होतात आणि पुढच्या महिन्यात डबा बंद. डबा फाटकाच्या हुकाला अडकवायचा आणि फक्त मेसेज टाकायचा.

जागेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. राजारामपुरीच्या मुख्य रस्त्याला बसून खाणारं गिऱ्हाईक लागतं, आणि हे गिऱ्हाईक आर. के. नगर, कळंबा, फुलेवाडीत घरात बसलंय. तिकडं आतल्या बाजूला नुसतं स्वयंपाकघर घे. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी करून घे, आणि एका महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल असं त्यात लिहून घे. पुण्या-बंगळूरहून ‘ऑफिसात या’ असा एक मेल आला की इथले वीस डबे एका दिवसात बंद होतात, म्हणून या अटीवर अजिबात मागं हटू नकोस.

येण्याआधी तीस घरांतून वार आणि वेळ लिहून घेऊ. यादी घेऊन शनिवारी ये, फिरायला मी आहेच.

तुझा,
अभय