डभोई लेआउट : रविवारच्या जोडणीआधी वाचा

सभासदहो, रविवारी सकाळी १० वाजता आपल्या डभोई स्थानकाच्या मॉडेल रेल्वेचे मॉड्यूल, म्हणजे लेआउटचे सुटे तुकडे, जोडायचे आहेत.

देखावा तुमच्या मर्जीचा. डभोईच्या यार्डाशेजारी आंबराई लावा नाहीतर वडोद्याचं न्यायमंदिर उभं करा, कोणी हटकणार नाही. रुळांत मात्र कलाकारी नको. आपलं माप एचओ, म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ पट लहान. डभोईची जुनी ७६२ मिमी नॅरोगेज (दोन रुळांतलं अंतर) त्यात ८.७६ मिमी होते, म्हणून ९ मिमी रूळ जवळजवळ अचूक बसतात. ब्रॉडगेज मात्र १९.३ मिमी हवी. आपण बाजारात मिळणारे १६.५ चालवतो. ही तडजोड ठरलेली आहे, त्यावर पुन्हा वाद नको.

आयसीएफचा (चेन्नईच्या डबा कारखान्याचा) डबा या मापात साडेचोवीस सेंमी होतो, तेव्हा ब्रॉडगेजच्या वळणाची त्रिज्या ६० सेंमीच्या खाली नको. त्याहून तंग वळणावर डब्याचं पोट सिग्नलला घासतं. चढ २ टक्केच. पुलासाठी ७ सेंमी उंची गाठायला साडेतीन मीटर लागतात, जागा नसेल तर पूल विसरा.

रुळांना गंजाचा रंग जरूर द्या, पण रुळाच्या माथ्यावरचा रंग ओला असतानाच पुसा, नाहीतर वीज पोचत नाही आणि इंजिन अडतं. खडी चिकटवायचा डिंक सांध्याच्या (गाडी रूळ बदलते त्या जागेच्या) सरकत्या पात्यांपासून लांब ठेवा. उन्हाळ्यात रूळ फुगतात. रुळांच्या दोन तुकड्यांमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडा. प्रत्येक मॉड्यूलच्या टोकाचे ५ सेंमी रूळ सरळ आणि कडेशी काटकोनात हवेत.

— संयोजक, वडोदरा