कुंड्यांना रंग नको
माननीय संपादक,
स. न.

पावसाळा तोंडावर आला की बेळगावात घरोघरी रोपे नव्या कुंड्यांत हलवण्याची लगबग सुरू होते. त्या निमित्ताने एक कळकळीची विनंती करावीशी वाटते, ती म्हणजे मातीच्या कुंड्या बिनरंगाच्याच घ्याव्यात.

गेल्या वर्षी एका रोपवाटिकेतून मी ऑइलपेंटने रंगवलेली नक्षीदार कुंडी आणून तिच्यात तुळस लावली. श्रावणात पाने पिवळी पडली. उपटून पाहिले तर मुळे काळी पडून कुजलेली होती. शेजारीच खानापूरहून आणलेल्या कोऱ्या कुंडीतली तुळस मात्र तोच पाऊस अंगावर घेऊन मंजिऱ्यांनी भरली होती. दोन्ही कुंड्यांना तळाशी भोक होते. फरक होता तो रंगाचा. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रे असतात, त्यांतून जास्तीची ओल बाहेर पडते आणि मुळांना हवा मिळते. रंगाचा थर बसला की ती वाट बुजते.

या कोऱ्या कुंडीवर नक्षी नाही, पण काठाखाली कुंभाराच्या बोटांच्या रेघा चाकाच्या फेऱ्यासरशी उमटलेल्या आहेत आणि एका अंगाला भट्टीतल्या धुराचा काळसर डाग आहे. सकाळी पाणी घातले की तिचा रंग गडद होतो आणि ओल सुकेल तसतसा पुन्हा फिकट होत जातो, त्यामुळे पाणी केव्हा घालायचे हे मला तिच्याकडे पाहूनच कळते. उन्हाळ्यात तिला पाणी अधिक लागते, हे खरे. काही महिन्यांनी बाहेरून पांढरे डागही येतात, पण ते पाण्यातल्या क्षारांचे असतात आणि काथ्याने घासले की बरेचसे निघतात.

खानापूरची माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी नावाजलेली आहे. कुंभारकामाचे शिक्षण देणारी खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. इतके हाताशी असताना आपण रंगाच्या चकाकीला जास्त पैसे मोजतो, आणि गिऱ्हाईक मागते म्हणून चांगल्या घडणीची कुंडीही रंगवून विकली जाते, याचे वाईट वाटते. रंगाखाली तडा असला तरी दिसत नाही. कोरी कुंडी मात्र बोटाने वाजवून घेता येते आणि आवाज खणखणीत आला की ती नीट भाजली आहे, याची खात्री पटते.

रोपवाटिका चालवणाऱ्यांनी यंदा निदान एक रांग तरी कोऱ्या कुंड्यांची मांडावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव