सापडलेल्या मुक्या जिवाचीही बातमी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीचे फटाके, गणपतीच्या मिरवणुकीतली डॉल्बी आणि संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, होणारं शोभेचं दारूकाम, या तिन्ही वेळी सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘कुत्रा हरवला आहे’ अशा पोस्टची रीघ लागते. माणसाला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. घाबरलेलं कुत्रं मिळेल त्या फटीतून निसटतं, वाट फुटेल तिकडे पळतं आणि ओळखीचे वास मागे पडले की त्याला परत फिरणं बऱ्याचदा जमत नाही.

असे प्राणी घरी पोचवायचं काम आमच्या भागात आम्ही काही जण जमेल तसं करतो. त्यात एक गोष्ट सतत खटकते. हरवल्याच्या पोस्ट ढिगानं असतात, ‘सापडला आहे’ अशी पोस्ट क्वचित दिसते. खरं तर हरवलेला प्राणी पुष्कळदा कोणाच्या तरी दारातच असतो. त्या घरानं दया येऊन त्याला चपाती घातलेली असते, उन्हातून आत घेतलेलं असतं. ज्याचं असेल तो येईल शोधत, असं त्यांना वाटतं. मालक बिचारा फोनकडे डोळे लावून बसलेला असतो.

गेल्या गणपतीत अशोक चौकातून एक पांढरं पामेरियन निसटलं. मालकांनी फोटो, फोन नंबर, बक्षीस, सगळं टाकलं. कुत्रं होतं विडी घरकुल वसाहतीत, एका विडी कामगार बाईंच्या ओट्यावर. विड्या जमा करून परतताना ते त्यांच्या मागे मागे आलं आणि रिक्षात चढून बसलं. त्यांच्यानं हाकलवेना. रोज दूधभात घालत होत्या, कानामागच्या गोचिडी हातानं वेचून काढल्या होत्या. घरात स्मार्टफोन होता, पण त्यांच्या ग्रुपवर सगळं तेलुगूत चालतं आणि मालकांची पोस्ट होती मराठी-इंग्रजीत. शेवटी आमच्यातल्या एका मुलानं तेलुगूत बोलून निरोप रेकॉर्ड केला, तो फिरत फिरत त्या गल्लीत पोचला. आम्ही गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, “मी रोज वाट बघत होते, कोणीतरी येईल म्हणून.”

अशी वाट बघणारी घरं या शहरात किती असतील! म्हणून माझी पहिली विनंती मालकांना नाही, ज्यांच्या दारात प्राणी आला आहे त्यांना आहे. आपण होऊन कळवा. एक फोटो, सापडल्याची तारीख, वेळ आणि जवळचा चौक, एवढं पुरे. अंगावरची एखादी खूण मात्र मुद्दाम लिहू नका, फोटोतही दाखवू नका. पंजाखालचा डाग असेल, शेपटीची गाठ असेल, ती मालकानं सांगितली पाहिजे. जुने फोटो आणि लसीकरणाचं कार्ड बघितल्याशिवाय प्राणी कोणाच्या हवाली करू नये, कारण जातिवंत कुत्रं दिसलं की ‘आमचंच आहे’ म्हणणारे येतात. मालकांनाही भामटे गाठतात: ‘कुत्रं आमच्याकडे आहे, औषधपाण्याचे पैसे आधी पाठवा.’ व्हिडिओ कॉलवर प्राणी दाखवल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

पोस्टमध्ये गावाचं नाव आणि तारीख हवीच. शिवाजी चौक कोणत्या गावात नाही? बार्शीचा बोका सोलापूरकर शोधत बसतात, आणि तो केव्हाच घरी पोचलेला असतो. प्राणी मिळाला की तसं लिहून टाका, म्हणजे जुनी पोस्ट फिरणं थांबेल. आणि आपल्या शहरात निरोप मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि हिंदीतही बोलून पाठवावा. बोललेलं सगळ्यांपर्यंत पोचतं.

मांजराची गोष्ट वेगळी. ते सहसा लांब जात नाही, शेजारच्या माळ्यावर किंवा बंद गोदामात दबून बसतं. रात्री वर्दळ थांबल्यावर घरच्याच माणसानं नेहमीच्या आवाजात हाक मारावी.

मला फार वाईट वाटतं ते गावठी कुत्र्यांचं. लॅब्रॅडोर हरवला की पोस्ट शेकडो लोक पुढे पाठवतात. गावठी कुत्रं हरवलं की ‘असली रस्त्यावर पुष्कळ आहेत’ असं उत्तर येतं. ज्या घरात ते वाढलं त्यांच्यासाठी ते एकच असतं हो.

मायक्रोचिप बसवता येते. तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात 15 अंकी क्रमांक असतो. पण ती प्राणी कुठे आहे ते सांगत नाही. जवळ यंत्र धरून क्रमांक वाचावा लागतो आणि त्या क्रमांकापुढे मालकाचा फोन नोंदलेला असावा लागतो. तोवर गळपट्ट्याला लावायला पितळी पट्टी घ्या आणि भांड्यांवर नावं घालून देणाऱ्याकडून तिच्यावर फोन नंबर कोरून घ्या. थोडक्या पैशांत काम होतं.

महापालिकेलाही एक सुचवायचं आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदीसाठी उचललेलं भटकं कुत्रं सहसा जिथून नेलं तिथेच परत सोडायचं असतं, म्हणजे कुठून उचललं याची नोंद ठेवावीच लागते. त्या नोंदीबरोबर एक फोटो रोज संकेतस्थळावर टाकला, तर पट्टा तुटलेलं घरचं कुत्रं मालकाला ओळखता येईल. शिवाय चिप वाचायचं एक यंत्र पशुवैद्यकीय विभागात असावं.

काही प्राणी हरवलेले नसतात, घर बदलताना सोडून दिलेले असतात. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि माझ्या मते पापही.

आता आपल्याकडे मागणं. दैनिकात छोट्या जाहिरातींचा रकाना असतो. त्यात ‘सापडलेले प्राणी’ म्हणून रोज चार ओळी विनामूल्य द्याव्यात. जे कोणत्याच ग्रुपवर नाहीत, तेही चहाच्या टपरीवर पेपर चाळतात. मजकूर गोळा करणं, फोन करून खात्री करणं हे काम आम्ही करू. गड्ड्याच्या आधी हे सुरू झालं तर फार बरं होईल.

आपली,
एक वाचक
जुळे सोलापूर