आयशत, फातिमत आणि तुझा हजेरीपट

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

मालदीवमधल्या तुझ्या शाळेत 'आयशत' म्हटलं की अर्धा वर्ग हात वर करतो, हे वाचून तुझी आई पोट धरून हसली. या नावाबद्दल तू विचारलंस म्हणून लिहितो. नावांचा विषय निघाला की मला राहवत नाही, ते तुला माहीतच आहे.

आधी उच्चार. तू पत्रात 'आयशथ' लिहिलं आहेस. स्पेलिंगच्या शेवटी 'टीएच' आहे खरं, पण तिथल्या रोमन लिपीत, जी 1976 मध्ये टेलेक्सच्या सोयीसाठी आली, 'टीएच' म्हणजे आपला साधा त आणि 'डीएच' म्हणजे द. म्हणून तिथली भाषाही दिवेही, 'धिवेही' नव्हे. दिवेहीच्या स्वतःच्या ताना लिपीत तर मुली 'आइशतु' असं लिहितात. वहीत बघ, उजवीकडून वाच.

नाव मूळचं अरबी: आयशा, म्हणजे जिवंत, जगणारी. पैगंबरांच्या पत्नीचं नाव, त्यामुळे घरोघरी. मग हा त कुठला? अरबीत अशा स्त्रीलिंगी शब्दांच्या शेवटचं अक्षर थांबताना त म्हणून ऐकू येत नाही, पुढे शब्द जोडला की त होतो. आपल्याकडे नावांत आ राहिला, दिवेहीने त धरून ठेवला. फातिमत, अमीनत तशाच. आणि आपणही काही कमी नाही: किंमत, मेहनत, अदालत हे शब्द फारसीच्या वाटेने तोच त घेऊन मराठीत आले.

ही नावं तिथे बेटांनी इस्लाम स्वीकारल्यावर रुजली; परंपरेने ते वर्ष 1153. त्याआधी बौद्ध धर्म होता. 1343-44 च्या सुमारास इब्न बतूता तिथे पोचला, काझी झाला, तेव्हा गादीवर खदीजा नावाची राणी होती. शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनात, बाईचं नाव घेतलं जातं, याची त्याने मुद्दाम नोंद केली. नाव अरबी, पण पदवी मात्र दिवेहीच, रेहेंदी. हे मला फार आवडतं.

आता तुझी अडचण. तिकडे पहिलं नाव पुष्कळांचं एकच, ओळख पुढच्या नावाने. सार्कच्या पहिल्या महिला सरचिटणीस फातिमत दियाना सईद यांचंच बघ, 'फातिमत' एवढ्यावर कोणाला काय कळणार? तेव्हा हजेरीपटावर पुढचं नाव ठळक लिहून घे आणि मुलींना घरी काय म्हणतात ते विचार. काही आयांना शाळेत लाडाचं नाव चालणार नाही, तेवढं जपून.

तुझा,
बाबा