कडब्यातली बैलगाडी शाळेत आणा

महोदय,
ज्वारीची काढणी झाली की मराठवाड्यात पोरांच्या हाती फुकटचं खेळणं यायचं. धाटाची साल ओढून काढायची, आतल्या मऊ भेंडाचे तुकडे करायचे आणि सालीच्याच काड्या टोचून गाडी, जू, चाकं जोडायची. डिंक नको, खिळा नको. बैल मात्र वांग्याचे. पाय आणि शिंगं बाभळीच्या काट्यांची. (साल बोट कापते, ती मोठ्यांनीच काढून द्यावी.) आता कार्यानुभवाच्या तासासाठी हीच पोरं कडब्याच्या गंजीशेजारून जाऊन दुकानातून थर्माकोल आणतात, याची फार खंत वाटते. शाळांनी काढणीनंतर एक दुपार गावातल्या आजी-आजोबांना वर्गात बोलवावं. धाटं कोणताही शेतकरी आनंदानं देईल.

— एक वाचक, औसा (जि. लातूर)