हीट पंप गीझर वॉरंटीत दुरुस्त करून देणाऱ्यांचे आभार

हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा गीझर. कॉम्प्रेसर चालू, पंखा चालू, पाणी मात्र कोमटच. अशा वेळी नुसता गॅस (फ्रिजमध्ये असतो तसा, उष्णता वाहून नेणारा) भरून मोकळं न होता आधी गळती शोधणाऱ्या तंत्रज्ञदादांचे मनापासून आभार. इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे हवेतली उष्णता शोषणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या, सांध्यावर बोटाला लागणारा तेलकट डाग तुम्ही दाखवलात. गॅस निसटतो तिथून कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावला, तर तिथेच बुडबुडे आले. ब्रेझिंग, म्हणजे वितळवलेल्या धातूने सांधा जोडण्याचं काम, करतानाही नळीतून नायट्रोजन हळू सोडत राहिलात. नाहीतर आत काळी खपली धरते आणि पुढे जाऊन अडकते. गॅसमधली ओल आणि कचरा अडवणारा फिल्टर ड्रायर नवा बसवला, पंपाने नळ्यांमधली हवा ओढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (आत उरलेल्या दाबाचं माप) खाली नेला, पंप बंद करून तो टिकतोय ना हे पाहिलं. मगच गॅस, तोही वजनकाट्यावर, गीझरच्या प्लेटवर छापलेल्या ग्रॅमइतकाच.

सेवा केंद्रातल्या ताईंनी बिल आणि सिरीयल नंबरचा फोटो पहिल्याच फोनवर मागून घेतला, म्हणून एक फेरी वाचली. आणि जॉब शीटवर ‘गॅस कमी’ खोडून ‘इव्हॅपोरेटर सांध्याला गळती’ लिहायला लावणारे पर्यवेक्षक, तुमचे विशेष आभार. दुरुस्ती वॉरंटीत बसली ती त्या नोंदीमुळेच.