यजमान बाईचा खर्च बजेटात धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्यंतरी तुमच्या पेपरात परदेशातल्या मिशन ट्रिपवर, म्हणजे चर्चचे गट सेवेसाठी परदेशात जातात त्यावर, पत्रं आली होती. एका गृहस्थांनी लिहिलं की हा सगळा धर्मांतराचा आणि फिरायला जायचा धंदा आहे, त्यापेक्षा तिकिटाचे पैसे सरळ तिकडे पाठवा, आणि दुसऱ्या एका ताईंनी त्यांना उत्तर देताना आपल्या ग्रुपने किती भिंती रंगवल्या, किती वह्या वाटल्या त्याची यादीच दिली. दोन्ही पत्रं वाचली आणि वाटलं, अरे ही माणसं जिथे राहिली, तिन्ही त्रिकाळ जेवली, गरम पाण्याने आंघोळी केल्या, त्या घराबद्दल कोणी एक ओळसुद्धा लिहीत नाही. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, कापायचं तर सुरुवातीचं कापा पण पैशाचं कापू नका.

मी रिटायर्ड नर्स, राहणार अहिल्यानगर. आमच्या इथल्या दोन-तीन चर्चच्या लोकांचा मिळून एक गट आहे, तरुण संघातली मुलं, आम्ही दोघी-तिघी वयस्कर बायका, एक पाळकसाहेब. आम्ही केनियाच्या पश्चिमेला विहिगा म्हणून जिल्हा आहे (तिकडे काउंटी म्हणतात) तिथे आरोग्य शिबिरासाठी जाऊन आलो. मुंबईहून नैरोबी सहा तासाच्या आसपास, पुढे किसुमू, आणि तिथून वर चढत जाणारा रस्ता. विषुववृत्त अगदी तिथूनच जातं, आणि तरी रात्री स्वेटर लागतो कारण उंचावर आहे. गर्दी एवढी की आपल्याकडे एका शेतात एक घर तसं तिकडे एका घराला जेमतेम शेत. थोडा मका, थोडी केळी, एखादी गाय, आणि ज्याच्याकडे जमेल त्याच्याकडे चहाचा तुकडा. आम्हाला दोन-दोन, तीन-तीन करून घराघरात ठेवलं होतं.

तिकडे इंडियन म्हटलं की हार्डवेअरचं दुकान नाहीतर सुपरमार्केट, एवढंच डोळ्यासमोर येतं, कारण इंग्रजांनी 1896 ते 1901 मध्ये मोंबासा ते किसुमू रेल्वे टाकली तेव्हा हजारो मजूर आपल्या देशातून नेले, जास्त करून पंजाबातले, आणि मग मागोमाग दुकानदार गेले. त्यामुळे घरातल्या लहान पोरांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, तुमचं दुकान कुठे आहे? दुकान नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न, इंडियात ख्रिश्चन असतात का? मी म्हटलं बाळा, तुमच्या शेजारच्या कैमोसीला अमेरिकेतले क्वेकर पंथाचे ख्रिश्चन लोक आले 1902 ला, आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून आहे, सत्तर वर्षांनी आम्ही मोठे. घरातले आजोबा एवढे हसले की काय सांगू. (क्वेकर म्हटलं की शांत बसून प्रार्थना करणारे असं मी वाचलेलं, पण यांच्याकडे रविवारची उपासना म्हणजे गाणी, टाळ्या, साक्षी, दुपार होते तरी संपत नाही.)

शिबिराबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. बाहेरच्या देशातून आलेल्या नर्सला तिथे काम करायला त्यांच्या कौन्सिलचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन लागतं, आणि ते बरोबरच आहे, उद्या कोणी परदेशी येऊन आपल्या सिव्हिलमध्ये इंजेक्शनं द्यायला लागला तर आपण चालवून घेऊ का? त्यामुळे मी बीपी बघणं, नावं लिहिणं, रांग लावणं आणि तिथल्या नर्सबाईंना चहा आणून देणं एवढं केलं. त्या नर्सबाई मलेरियाच्या बाबतीत मला कोळून पितील एवढ्या हुशार होत्या, व्हिक्टोरिया सरोवराच्या त्या पट्ट्यात वर्षभर मलेरिया असतो, मलेरियाची पहिली लस मुलांना द्यायची सुरुवात 2019 ला ज्या तीन देशात झाली त्यात केनिया होता. त्यांना शिकवायला आम्ही गेलो होतो असं आमच्या पत्रकात छापलेलं, ते नंतर कोणी वाचलं नाही तर बरं.

आता मुद्द्याचं. आमच्या यजमान ताई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, त्यांच्याकडे चहाचा छोटा तुकडा आहे. स्वतः पानं खुडायची, टोपली पाठीवर घेऊन खरेदी केंद्रावर जायचं, वजन करायचं, मग किलोवर महिन्याला पैसे आणि वर्षाच्या शेवटी बोनस. आम्ही होतो तेवढे दिवस त्यांनी खुडणीला जाणं जवळजवळ बंदच केलं. पहाटे उठून लाकडावर पाणी तापवायचं, मग दुधाचा चहा (अगदी आपल्यासारखा उकळून, त्याबाबतीत मात्र आम्ही माहेरी आल्यासारखे होतो), मग दुपारचा उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि सुकुमा विकी ही पालेभाजी. पाणी वीस लिटरच्या पिवळ्या कॅनमधून यायचं, घरातली मोठी मुलगी झऱ्यावरून आणायची आणि पाहुणे जास्त झाले की बोडाबोडावाल्याला, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याला, पैसे देऊन मागवायचे. त्या भागात पाहुणा आला की कोंबडी कापायचीच, हा मान असतो, नको म्हटलं तर राग येतो. अंगणात पहिल्या दिवशी पायात पायात येणाऱ्या कोंबड्या होत्या, आठवड्याभरात अंगण मोकळं दिसायला लागलं. मी नर्स आहे, मला मोजायची सवय आहे, पण आमच्या गटातली पोरं म्हणत होती वा काय पाहुणचार आहे, आणि इन्स्टावर ताटाचे फोटो.

मग एका दुपारी त्या मुलीबरोबर मी भांडी घासत बसले होते, भांडी घासताना माणसं खरं बोलतात असा माझा अनुभव आहे. तिने सहज सांगितलं की आम्ही ज्या फोमच्या गाद्यांवर झोपत होतो त्या नवीन घेतल्या, आईने चामातून कर्ज काढून. चामा म्हणजे आपल्या बचत गटासारखाच बायकांचा गट, दर आठवड्याला जमून पैसे टाकायचे आणि गरजेला उचलायचे, वर व्याज. गाद्या, एक पाण्याची टाकी, दोन ब्लँकेटं, आणि बाथरूमला पत्र्याचा दरवाजा. आमच्यासाठी. आणि आमच्या ग्रुपकडून त्या घराला काय मिळालं? शेवटच्या दिवशी एक शाल, एक फ्रेम आणि प्रार्थना. यजमान कुटुंबांसाठी म्हणून काही रक्कम तिथल्या कोऑर्डिनेटरकडे दिली होती असं आमच्या लीडरनी सांगितलं, ती कोणाला किती पोचली त्याचा कागद काही कोणी दाखवला नाही. तिकीट माणशी पन्नास-साठ हजार, टीशर्ट छापले, बॅनर छापला, शेवटी मसाई मारा सफारी केली त्याचे वेगळे. सगळ्याच्या पावत्या आहेत. गाद्यांची पावती त्या बाईकडे, आणि हप्ते पण तिच्याकडे.

मी हे परतल्यावर मीटिंगमध्ये काढलं तर आमचे एक ज्येष्ठ बंधू म्हणाले, अहो सिस्टर, प्रभूनेच सांगितलंय की ज्या घरात जाल तिथेच राहा आणि ते देतील ते खा-प्या, कामकऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे. बायबलातल्या लूकचा दहावा अध्याय. बरोबर आहे, पण त्याच अध्यायात वर लिहिलंय की थैली घेऊ नका, झोळी घेऊ नका, पायतण घेऊ नका. आम्ही तर माणशी तेवीस किलोची बॅग, शिवाय पाठीवर सॅक, शिवाय क्रेडिट कार्ड. अर्धा अध्याय पाळायचा आणि अर्धा विमानतळावर सोडायचा असं कसं चालेल? आणि बायबलातल्याच प्रेषित पौलाचं काय करायचं? तो करिंथला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला तेव्हा त्यांच्याबरोबर बसून तंबू शिवायचा, आणि थेस्सलनीकाच्या मंडळीला (मंडळी म्हणजे चर्चची माणसं) त्याने लिहून कळवलंय की आम्ही कोणाचं अन्न फुकट खाल्लं नाही, कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस कष्ट केले. हे आमच्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये वाचलं जात नाही. खरं सांगायचं तर आम्ही तिकडे मुलाकडचे म्हणून गेलो होतो, मांडव त्यांचा, पंगत त्यांची, आणि मान आमचा.

कोणी म्हणेल मग जाऊच नका, तिकिटाचे पैसे सरळ पाठवा. पहिल्या पत्रातले गृहस्थ असंच म्हणत होते. मला ते पटत नाही. त्या ताईंचे मेहुणे काकामेगाकडचे, ऊस लावणारे, एका रात्री आले आणि विषय निघाला की त्यांचा कारखाना बंद पडला आणि कित्येक शेतकऱ्यांची बिलं थकली. आता थकीत ऊसबिल हा विषय नगर जिल्ह्याच्या माणसाला शिकवायला लागत नाही! मी त्यांना प्रवरानगरचं सांगितलं, शेतकऱ्यांनी शेअर काढून 1950 च्या सुमाराला स्वतःचा कारखाना कसा उभा केला, आणि पुढे सहकारात काय काय दिवे लागले ते पण सांगितलं, लपवलं नाही. मध्यरात्र होईपर्यंत ते विचारत होते की शेअर किती रुपयाचा, काटा कोण मारतो, चेअरमन कसा निवडतात. काट्यातली चोरी तिकडेही आहे हे ऐकून आमच्यातल्या एका शेतकऱ्याच्या पोराला एवढा आनंद झाला की तो झोपलाच नाही. ही गोष्ट मनीऑर्डरने होत नाही. हॉटेलात किंवा मिशनच्या गेस्टहाऊसमध्ये राहूनही होत नाही, घरातच राहावं लागतं. म्हणून घरात राहण्याच्या मी पूर्ण बाजूने आहे, फुकट राहण्याच्या नाही.

आणि आपण नगरची माणसं हे दुसऱ्या बाजूने पण जाणतो. लहानपणी आमच्या होस्टेलला परदेशी पाहुणे यायचे तेव्हा आदल्या दिवशी चादरी बदलायच्या, आम्हाला तेल लावून रांगेत उभं करायचे, आणि पाहुणे गेले की त्या चादरी परत पेटीत. पाहुण्यांना वाटायचं मुलं छान राहतात. त्यांना कोणी पेटी दाखवली नाही आणि त्यांनी विचारली नाही. आता पाहुणे आपण झालोय तर निदान विचारूया.

तर माझं सगळ्या मंडळ्यांना, मिशन संस्थांना आणि मुलांना एक्स्चेंजला पाठवणाऱ्या शाळा-कॉलेजांना पण म्हणणं असं आहे की यजमान घराचा खर्च बजेटात सगळ्यात वर लिहा, तिकिटाच्याही वर. माणशी रोजचं जेवण, पाणी, सरपण, अंथरूण-पांघरूण, आणि त्या बाईचे बुडालेले रोज, हो रोज सुद्धा. रक्कम जाण्याआधी त्यांच्याच मंडळीतल्या बायकांना विचारून ठरवा, आपण इथे बसून ठरवू नका. निम्मे पैसे आधी द्या म्हणजे गादीसाठी कर्ज काढायला लागणार नाही. आणि मधल्या माणसाकडे देऊ नका, केनियात 2007 पासून एमपेसा आहे, आपलं यूपीआय यायच्या कितीतरी आधीपासून तिकडची भाजीवाली फोनवर पैसे घेते, त्यामुळे थेट बाईच्या नंबरवर जातात आणि मेसेज येतो, कोणाला संशय नको. त्यांना अपमान वाटेल असं म्हणणारे भेटतात, पण मी ताईंना नीट बसून विचारलं तर त्या म्हणाल्या शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर पाकीट हातात दिलं तर लाज वाटते, आधी ठरवून दिलं तर कसली लाज.

जाणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी, कारण ट्रॅव्हल एजंट विसरतो. केनियाला जाताना पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर क्वारंटाइन करतात. आणि 2024 पासून तिकडे व्हिसाऐवजी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, पण धार्मिक किंवा धर्मादाय काम करत राहायचं असेल तर त्याचं परमिट वेगळं असतं, फिरायला आलोय म्हणून खोटं लिहून प्रभूची सेवा करायला जाऊ नका.

आमच्या महिला मंडळाने वर्गणी काढून त्या चामाचं कर्ज फेडलं, ताईंनी आधी नको म्हटलं मग घेतलं आणि हिशोबाचा फोटो पाठवला, व्याजासकट. पुढच्या गटासाठी नवीन बजेट आम्ही बायकांनी लिहून दिलंय. त्यातून सफारी काढून टाकली तेव्हा तरुण संघात जरा कुरकुर झाली. तो कागद सध्या चर्चच्या नोटीस बोर्डावर लावलाय, रविवारी उपासनेनंतर कोणालाही येऊन बघता येईल, फोटो काढून नेला तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, अहिल्यानगर